दाताचे मालक

"दात गुणी आहे, मालक नालायक आहे."

आळेफाट्याच्या त्या दवाखान्यात हे वाक्य मी रोज ऐकायचे. खुर्चीत कोण बसलंय याच्याशी आमच्या डॉक्टरांना काही देणंघेणं नसायचं. सरपंच असो, ट्रक ड्रायव्हर असो, नाहीतर बँकेतला साहेब असो, तोंडात आरसा गेला की माणूस संपला. मागे राहायचा तो दात आणि त्याचा मालक. दाताशी ते गोड बोलायचे. "काय रे, किती दिवस सोसलंस? सांगायचंस तरी." आणि मालकाकडं वळले की आवाजच बदलायचा. "काय मालक? खायला आपण पुढे, आणि घासायला शेजारी येणार का?" बिचाऱ्याच्या तोंडात कापूस, थुंकी ओढायची नळी आणि वर माझा हात. बोलणार काय, कपाळ!

डॉक्टर आता फाट्यावर नाहीत. दवाखान्याच्या जागी मोबाईलचं दुकान आलंय. कुणी म्हणतं ते घाटघरच्या बाजूला वाड्यावस्त्यांवर पेशंट बघत फिरतात, कुणी म्हणतं पोरीकडं परदेशी गेले. मला विचाराल तर पहिलंच खरं असावं. परदेशात त्यांना कुणी इतकं ओरडू दिलं नसतं.

मी तिथं मदतनीस होते. नवऱ्याचं फाट्यावर टायरचं दुकान, पोरं आपापल्या मार्गाला लागलेली, घरात बसून डोकं फिरायची वेळ आली म्हणून कामाला लागले. सुरुवातीलाच दोनदा नोकरी सोडली आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी आपली मुकाट परत गेले. राग माझ्याही नाकावर असतो. दोन रागीट माणसांचं एका खोलीत बरं जमतं, कारण कुणीच कुणाचं मनावर घेत नाही. ते मला 'बाई' म्हणायचे. "बाई, लाईट." "बाई, नळी." "बाई, यांना बाहेर काढा, मला विचार करायचाय."

दवाखान्याच्या व्हरांड्यात एक बेसिन होतं. आत येण्याआधी पेशंटनं तिथं डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत दात घासून दाखवायचे, हा तिथला कायदा. हे पीटीच्या मास्तरसारखे हात मागं बांधून उभे. नाशिकला निघालेला सहा फुटी ड्रायव्हर फेसाळ तोंडानं घासतोय आणि हे खेकसतायत, "मालक, भांडी नाही घासायची. हळू. हिरडीपासून खाली. हिरडी ही कातडी आहे, फरशी नव्हे." रस्त्यावरून जाणाऱ्या एसट्यांमधली माणसं खिडक्यांतून बघत बसायची. मला तर सुरुवातीला लाजेनं मेल्यासारखं व्हायचं.

दुसरं खूळ म्हणजे कान. आरशाच्या दांड्यानं ते दातावर टक टक करायचे, डोळे मिटायचे आणि ऐकायचे. मेलेल्या दाताचा, सुजलेल्या दाताचा आवाज वेगळा येतो म्हणायचे. आता खाली गॅरेज, समोर हायवे. टक टक ऐकू येणार कुठून? मग हे खिडकीतून अर्धे बाहेर. "अरे थांबा! दात बोलतोय!" आणि गॅरेजवाले खरंच हातोडी थांबवायचे हो! वर मान करून उभे राहायचे. डॉक्टरांनी हात हलवला की पुन्हा ठोकाठोकी सुरू.

आणि दात काढणं? त्याचं नाव काढायचं नाही. आमच्याकडची माणसं दवाखान्यात येतात तीच मुळी "उपटून टाका डॉक्टर, कटकट मिटवा" असं म्हणत. दात काय, बाभळीचा खुंट काय, सारखंच. हे ऐकलं की डॉक्टरांचा चेहरा असा व्हायचा, जणू कुणी त्यांच्याच पोराबद्दल बोलतंय. काढण्याशिवाय गत्यंतरच नसलेले दात ते दुसऱ्या डॉक्टरांकडं पाठवायचे आणि त्या दिवशी जेवायचे नाहीत. फाट्यावर लोक उघड म्हणायचे, येडा डॉक्टर हाये.

या येड्या डॉक्टरांकडं माझा थोरला भाऊ आला, ती गोष्ट मला सांगायचीय.

दादा निमगाव सावाला राहतो. शेती करतो, पण जुन्नर-आंबेगावात त्याला ओळखतात ते आवाजासाठी. बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे गाडे पळतात त्या चढावर, माईकवर उभा राहतो तो. गाडा सुटला की "झाऽऽली! भिर्रर्र!" आणि गाडा वर पोचला की लगेच किती सेकंद ते पुकारायचं. बंदी उठून शर्यती पुन्हा सुरू झाल्यापासून तर चैत्रात त्याला घरी भाकरी खायला सवड नसते. गाडामालक म्हणतात, त्याच्या तोंडून आपले सेकंद ऐकले की बैलाच्या कष्टाचं चीज होतं. आणि दादा एका गोष्टीला लई जपतो. त्यानं पुकारलेल्या सेकंदावर आजवर कुणी शंका घेतलेली नाही.

दिवाळी झाली आणि त्याचा वरचा पुढचा दात हलायला लागला. बारका नव्हे, अगदी मधला, मोठा. वर हिरडीला फोड, त्यातून पू. सकाळी उठलं की तोंडात रक्ताची चव. तो आधी एका दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून आला. त्यांनी सांगितलं, हाड गेलंय, हिरडी कापून बघावं लागेल, नाहीतर काढून खोटा बसवू. दादा माझ्याकडं आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं.

"बाय, दात गेला तर सेकंद कसा म्हनू मी? आरशापुढं दातावं बोट धरून म्हनून बगितला. वारंच जातंय नुसतं. मानसं हसतील गं."

खोटा दातही बसवता येतो, मी म्हटलं. तो म्हणाला, एकानं बसवलाय, बोलताना शिट्टी वाजती त्याची. दादाला मी रडताना पाहिलेलं नाही, पण त्या दिवशी तो रडायच्या बेतात होता.

डॉक्टरांनी त्याला खुर्चीत घेतलं. टक टक केलं. गॅरेज थांबवलं. बर्फाची कांडी एकेका दाताला लावली, बाकीच्यांनी ओळख दिली आणि तो दात ढिम्म. मग ते बारीक खुणा असलेली तार हिरडीच्या कडेनं आत घालायला लागले. ती जाते, जाते, जातच राहते. मी दादाच्या खांद्यावर हात ठेवून उभी होते, आणि ती तार किती आत गेली ते बघून मी मान फिरवली.

"ऐका मालक," डॉक्टर म्हणाले. "या दाताला एक नाही, दोन दुखणी आहेत. आतली नस मेलीय, तिची घाण मुळाच्या टोकातून बाहेर पडतेय. आणि बाहेरून हिरडीनं दात सोडलाय, तिथून दुसरी घाण मुळाकडे निघालीय. दोन्ही मध्ये भेटल्यात आणि मधलं हाड खाऊन बसल्यात. हाडानं सोडलेला दात हलणार नाही तर काय करणार?"

"कापावं लागंल का?"

"चाकू लावणार नाही. आधी आतलं साफ करू. मूळ रिकामं करायचं, औषध भरायचं, बंद करायचं. मग बाहेरून हिरडीच्या खालची घाण खरवडून काढू. आणि मग वाट बघायची. नसेमुळे गेलेलं हाड परत येतं. हिरडीमुळे गेलेलं सहसा येत नाही. यात कुणाचा वाटा किती, ते आज मला सांगता येणार नाही."

"पन वाचंल ना?"

"ते हाड ठरवेल. हाड आपल्या हातात नाही, घाण आपल्या हातात आहे. तंबाखू खाता?"

दादा खायचा. कबूल केलं त्यानं. डॉक्टरांनी हात पुढं केला आणि दादानं खिशातली पुडी काढून त्यांच्या हातावर ठेवली. "आजपासून बंद." दादा म्हणाला, "सबूद देतो." दादाचा शब्द म्हणजे काय ते डॉक्टरांना ठाऊक नव्हतं, मला होतं.

मग येरझाऱ्या सुरू झाल्या. मुळातली मेलेली नस निघाली, औषध गेलं. फोड बसला, पू थांबला. दादा खुशीत आला. पुढच्या खेपांना डॉक्टरांनी मूळ कायमचं बंद केलं, बारीक हत्यारांनी हिरडीखालची घाण काढली आणि मागच्या बाजूनं एक पातळ तार चिकटवून तो दात शेजारच्या दातांना बांधून टाकला. "एकटा पडला की दात खचतो, म्हणून शेजाऱ्यांचा आधार," म्हणाले. पुढच्या दातानं काही चावायचं नाही. ऊस नाही, मक्याचं कणीस नाही, पेरूसुद्धा कापून. घरातली पोरंबाळं समोर कणसं फोडत बसायची आणि हा बाबा भाकरी दुधात कुस्करून खायचा.

संक्रांत झाली, आणि गाडं अडलं.

त्या दिवशी डॉक्टरांनी तार आत घातली तर हिरडीतून भळकन रक्त आलं. तार आधीइतकीच खोल गेली. हिरडी लाल, सुजलेली. एवढी मेहनत घेऊन बाहेरची बाजू तसूभर सुधारलेली नव्हती. डॉक्टरांनी तार कापसाला पुसली आणि कापूस खिडकीपाशी नेला. पांढऱ्या कापसावर काळे कण होते. त्यांनी वास घेतला. वास मलाही आला होता.

"तंबाखू," डॉक्टर म्हणाले.

"न्हाई," दादा म्हणाला.

"हे काय आहे मग?"

"मला ठावं न्हाई. सबूद दिलाय मी. त्या दिसापासनं पुडीला हात लावला न्हाई."

"मालक, तोंड तुमचं आहे. कापूस खोटं बोलत नाही."

दादा ताडकन खुर्चीतून उठला. गळ्यातला कागदी रुमाल ओढून टाकला. "अख्खा घाट माज्या सबदावं चालतो. मानसं घड्याळ बगत न्हाईत, माज्या तोंडाकडं बगत्यात. आन तुमी मला खोटा म्हन्ता?"

"घाटात म्हणत नसतील. मी म्हणतो." डॉक्टरांनी हातमोजे काढले. "खोटं बोलणाऱ्याच्या दाताला मी हात लावत नाही. लावून उपयोगही नाही."

"नगा लावू! परवा जाऊन उपटूनच टाकतो. वैताग आनलाय नुसता." आणि तो गेला. जिना उतरताना धाड धाड पाय वाजले. गॅरेजवाले कुणी न सांगताच थांबले होते.

मी मध्ये लोंबकळत. मला दोघांचाही राग आला. दादा खोटं बोलत नाही हे माझ्या हाडात मुरलेलं, आणि कापूस डोळ्यांसमोर. "डॉक्टर, माझा भाऊ शब्द मोडत नाही," मी म्हटलं. त्यांनी कापूस कागदात गुंडाळला आणि खिशात घातला. मी घरी येऊन दादाला फोन लावत बसले. तो उचलेना. शेवटी वहिनीनं उचलला, म्हणाली, हो, परवाची वेळ घेतलीय दात काढायची, कुणाचं ऐकत नाहीत. एकदा दात गेला की गेला. तो काय पुन्हा पेरता येणार होता?

दुसऱ्या दिवशी उजाडायला दारात स्कूटर. डॉक्टर. डोक्याला मफलर, डोळे लाल.

"बाई, तुमच्या माहेरचा रस्ता दाखवा."

"आत्ता? चहा तरी घ्या."

"नको. ते कण कच्चे नाहीत. जळालेले आहेत. माणूस तंबाखू चघळतो, ती कच्ची असते. जाळलेली कुठून आली?"

मला काही टोटल लागेना. मी स्कूटरवर मागं बसले. रस्त्यात दोन्ही बाजूंना ऊस उभा, मी त्यांना म्हटलं, हॉर्न वाजवत चला, बिबट्याची वेळ आहे. ते हॉर्न वाजवत राहिले आणि मी देवाचं नाव घेत राहिले. बिबट्याची नाही, मला दादाची भीती होती. संतापात त्यानं डॉक्टरांवर हात टाकला तर?

घराच्या अंगणात शिरलो आणि दोघांनाही ठसका लागला. धूर. उग्र, डोळ्यांत जाणारा. वास ओळखीचा होता. या वासात मी लहानाची मोठी झाले. आई चुलीवर तव्यात तंबाखूची पानं भाजत होती. मिश्री. आमच्याकडं म्हाताऱ्या बायका दात घासतात ती. पानं काळी होईतो भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटानं दातांना चोळायची.

आणि चुलीशेजारी, पुरुषमाणसानं सहसा बसू नये अशा जागी, दादा उकिडवा बसला होता. तर्जनी तोंडात. डोळे मिटून तो मिश्री चोळत होता. सगळ्या दातांना नाही हां, त्या एकाच दाताला. आई वर उभी राहून सांगत होती, "तेवड्याला नीट लाव. वर हिरडीत जाऊ दी. उद्या जायाचंय तुला तिकडं, पन आज-उद्यात घट झाला तर बगू."

मी दारातच गार पडले. आता स्फोट होणार. डॉक्टर उभे, खोकतायत, डोळ्यांतून पाणी.

आईनं त्यांना पाहिलं आणि डोक्यावरचा पदर सावरला. घाबरली वगैरे अजिबात नाही. "या डॉक्टर, बसा. ह्याचं भांडान झालं म्हनं तुमच्यासंगं. त्याचं तोंड तसंच हाये, मनावं घेऊ नगा. तुमचं औषिद चालू हाय आन माजं बी. दिवाळीपासनं दोनी टायमाला लावती हाये त्येला. मिश्रीनं दात घट व्हतो."

दादा चूळ भरून उठला. अजून तणतणतच. "बगा, हाय का तंबाखू? झडती घ्या घराची."

डॉक्टर चुलीपाशी खाली बसले. जमिनीवर. तव्यातलं एक पान, अजून पुरतं न जळलेलं, त्यांनी चिमटीत उचललं आणि आईपुढं धरलं.

"हे कसलं पान, आई?"

"तंबाखूचं," आई म्हणाली.

तो शब्द तिच्याच तोंडून निघाला आणि सगळी जागच्या जागी थांबली. दादानं आपल्या काळ्या बोटाकडं पाहिलं. आईनं तव्याकडं पाहिलं. मी सांगते, उभ्या आयुष्यात कुणी आम्हाला विचारलं असतं की मिश्री कशाची करतात, तर झोपेतून उठून सांगितलं असतं. पण मिश्री म्हणजे तंबाखू असं आमच्यात कुणाच्याही मनात कधी आलं नव्हतं. तंबाखू पुरुष खातात, ती वाईट. मिश्री बाया लावतात, ते औषध. दादानं शब्द मोडला नव्हता. पुरुषमाणूस मिश्री लावतो म्हणून लोक हसतील, एवढ्याचसाठी तो चुलीपाशी लपून बसत होता.

आई मटकन खाली बसली. "म्हंजी मीच? माज्याच हातानं पोराचा दात पाडीत व्हते मी?"

मला तिच्याकडं बघवेना. डॉक्टरांच्या तोंडाचा पट्टा आता सुटणार, या बाईला काय काय ऐकावं लागणार, या भीतीनं मी पुढं झाले. पण ते दादाकडं वळले आणि हात जोडले. खरंच जोडले. "मालक, मी काल खोटं बोललो. तुम्ही नव्हता बोललात."

दादा घाईघाईनं त्यांचे हात खाली करायला गेला. "असूं द्या साहेब, असूं द्या," एवढंच म्हणत राहिला.

मग डॉक्टरांनी खिशातून एक मऊ ब्रश काढला आणि तो दादाला न देता आईच्या हातात दिला. "आई, हात तुमचा चांगला आहे. हलका आहे, नेमाचा आहे. यांचा हात बैल धुवायचा, हिरडीला चालत नाही. आजपासून सकाळ-संध्याकाळ यांचे दात तुम्ही घासायचे. मी शिकवतो."

"मी?" आई म्हणाली.

"अवो, मी काय कुक्कुलं बाळ हाये काय?" दादा म्हणाला. "माजी पोरगी लग्नाची झाली!"

"मग उद्या जाऊन काढून या," डॉक्टर म्हणाले.

डॉक्टरांनी आईचा तळहात घेऊन त्यावर ब्रश टेकवून दाखवला. किती दाब, कसा तिरपा, कुठून कुठं. आई शाळेतल्या मुलीसारखी लक्ष देऊन बघत होती. उठताना ते म्हणाले, "आणि डबी घरात राहिली तर मालक पुन्हा बोट घालतील. ती तुमच्यासाठीही राहता कामा नये." आईनं तवा उचलला, तसाच उकिरड्यावर नेला आणि पालथा केला.

मिश्री सोडणं सोपं नसतं, बाबा. आईचं डोकं ठणकायचं, पोट साफ होईना, कोंबड्यांशी भांडायची. वहिनी फोनवर म्हणायची, "ताई, एक चिमूट देऊ का त्यांना? माझ्याच्यानं बघवत नाही." पण आईनं मागितली नाही. रोज सकाळी ओट्यावर दादा तोंड वर करून बसायचा आणि आई एका हातानं त्याची हनुवटी धरून दुसऱ्या हातानं घासायची. शेजारपाजारची माणसं मुद्दाम त्या वेळेला रस्त्यानं जायची. "काय निवेदक, दुदाचं दात का?" दादा रागानं लालबुंद व्हायचा, पण बोलणार कसा, तोंडात ब्रश.

हिरडीचं रक्त कमी झालं. सूज उतरली. डॉक्टरांनी पुन्हा एकदा हिरडीखाली साफसफाई केली. पण दात वाचला असं काही ते म्हणेनात. मी विचारलं की "बाई, घाई करू नका," एवढंच. तसाच चैत्र उजाडला.

पहिला मोठा घाट आंबेगाव तालुक्यात होता. दिवसभर ओरडायचं, धूळ, ऊन. डॉक्टरांनी दादाला अडवलं नाही. पण त्या दिवशी पेशंट असून त्यांचं लक्ष नव्हतं. शर्यत मोबाईलवर लाईव्ह दिसत होती. त्यांच्याकडं तसला फोन नव्हता, म्हणून ते खाली गॅरेजात जाऊन स्टुलावर बसले आणि मी जिन्यात. गॅरेजच्या मालकानं फोन टायरवर उभा करून ठेवला. डॉक्टर पडद्याकडं बघतच नव्हते. डोळे मिटून ऐकत होते. "झाऽऽली! भिर्रर्र!" आणि मग सेकंद. प्रत्येक बारीला, म्हणजे एकेक गाडा सुटला की, त्यांच्या हाताच्या मुठी वळायच्या आणि 'सेकंद' स्वच्छ ऐकू आला की सुटायच्या. बैल कुणाचे, पहिला कोण, काही पत्ता नाही.

दुपारी एक बारी सुटली. "झाऽऽ" आणि आवाज गेला.

नुसता गलका. दादाचा आवाजच नाही. माझ्या डोळ्यांपुढं आलं ते असं, की दादा माईक धरून उभा आहे आणि तोंडावर हात. डॉक्टर उठून उभे राहिले. "काय झालं? बघा, काय झालं?" गॅरेजवाला फोन हलवतोय, आवाज वाढवतोय. दादाला फोन लावायची सोय नाही. डॉक्टरांच्या कपाळावर घाम. या माणसाला मी घाबरलेला प्रथमच पाहिला.

मग खर्र खर्र झालं आणि दादाचा आवाज आला. "मंडळी, बैलानं वायर तोडली, माफी असावी! मागं सरा, मागं सरा... साडेअकरा सेकंद!"

डॉक्टर स्टुलावर बसले आणि म्हणाले, "पाणी द्या कुणीतरी."

वैशाखात दादा तपासणीला आला. घसा बसलेला, दात जागेवर. आईही बरोबर आली होती, हातातल्या पिशवीत तो ब्रश घेऊन. डॉक्टरांनी दाताचा एक्स-रे फोटो काढला, फिल्म धुतली आणि पहिल्या वेळची जुनी फिल्म शेजारी धरून खिडकीच्या उजेडात दोन्ही बघत बसले. आम्ही तिघं त्यांच्या मागं उभे. जुन्या फोटोत मुळाच्या भोवती काळा खड्डा होता. नव्यात त्या काळ्यात पांढुरकं काहीतरी उतरलं होतं.

"हाड येतंय," डॉक्टर म्हणाले. त्यांनी दोन बोटांत दात धरून हलवून पाहिला. "हिरडीकडचं थोडं गेलं ते गेलं. पण हा दात राहतोय, मालक. आता स्वतःच्या हातानं घासा."

दादा हसला. दिवाळीपासून तो ओठ मिटून हसायचा, त्या दिवशी सगळे दात दाखवून हसला. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

आई मात्र तशीच उभी. पिशवी छातीशी धरून. "मंग मी आता काय करू?"

"आराम कर," दादा म्हणाला. "लई केलंस."

डॉक्टर तिच्याकडं बघत राहिले. मग खुर्चीवर हात ठेवून म्हणाले, "आपण इथे बसा."

"माजं काय बगायचं? माजं वय झालं आता."

"वय आपलं झालंय. दातांचं मला त्यांना विचारू द्या."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी लाईट खाली ओढला. आई खुर्चीत बसली, पदर नीट केला आणि तोंड उघडलं. मी किती तोंडं पाहिली असतील तिथं, पण हे पाहवेना. हिरड्या काळवंडलेल्या, दातांची मुळं उघडी, खालचे पुढचे तर नुसत्या श्वासानं हलतील असे. डॉक्टरांनी तार हलकेच टेकवली. आईच्या बोटांनी खुर्चीचा हात घट्ट आवळला.

"दुखतं?"

"दुकतंय की. मिश्री व्हती तवर कळत नव्हतं. सोडली तवापासनं लई ठनकतंय."

"आणि पहिल्यांदा कधी दुखायला लागलं?"

आईनं दादाकडं मान वळवली. "ह्यो पोटात व्हता तवा. हिरड्या सुजल्या, रगात यायचं. सासू म्हनली, मिश्री लाव, दुकनं बसंल. बसलं."

"अगं, मग इतके महिने ठणकत होतं तर बोलली का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलेच. "मी इथंच कामाला आहे ना? रोज त्याचे दात घासत होतीस आणि स्वतःचं..."

"त्याचं निस्तरू दे म्हनलं आदी," आई म्हणाली.

डॉक्टरांनी तार ट्रेमध्ये ठेवली. मग दादाला हाक मारली. "इकडे या. हात धुवा आणि यांचं डोकं धरा. हलू देऊ नका, आज आपल्याला बरंच काम आहे."

दादानं हात धुतले. खुर्चीच्या मागं जाऊन त्यानं आईचं डोकं दोन्ही तळहातांत धरलं.

"हळू रं, आंबाडा सुटंल," आई म्हणाली आणि पुन्हा तोंड उघडलं.